बारा नंबरचे कार्ड

मी, खाली सही करणारी, वय ४६ वर्षे, धंदा विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात साफसफाई, राहणार बस आगाराच्या मागे भाड्याच्या खोलीत, एकटी, समक्ष ठाण्यात येऊन सांगते की, वसतिगृहाच्या फळ्यावरचे बारा नंबरच्या खोलीचे कार्ड कारकुनाने बदललेले नाही. ते मी बदलले. मला कोणी बोलावलेले नाही. आज शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी आपण होऊन आले.

माझे पती त्याच विद्यापीठात रंगारी होते. सहा वर्षांपूर्वी ते आजारात वारले. त्यांच्या जागी मला हे काम मिळाले. मला एक मुलगी आहे. ती तिथेच यंदा दुसऱ्या वर्षाला गेली. तिला शिष्यवृत्ती आहे, आणि शिष्यवृत्तीच्या मुलींना आवारातच राहावे लागते. ती माझी मुलगी आहे हे वसतिगृहात आजपर्यंत कोणाला माहीत नव्हते. तिच्या अर्जावर आईचा व्यवसाय 'नोकरी' असा लिहिला आहे. ते खोटे नाही.

मागच्या वर्षी ती राहायला आली, त्या दिवशी मी तिला म्हणाले होते, "तिथे मला ओळख दाखवली नाहीस तरी चालेल हं." ती 'छे, काहीतरीच काय' म्हणेल असे मला वाटले होते. ती "बरं" म्हणाली. वसतिगृहातल्या सगळ्या मुली मला मावशी म्हणतात. चारचौघींत भेटली तर तीही मावशी म्हणत असे. एकदा ती जिन्यात मैत्रिणींबरोबर होती. "मावशी, माझ्या खोलीतला नळ गळतोय," ती म्हणाली. मी म्हणाले, "बघते हं, ताई." रविवारी ती घरी आली तेव्हा आम्ही दोघी त्यावर हसलो. नळ खरेच गळत होता.

पहिल्या वर्षाच्या मुलींना खोली नेमून देतात. दुसऱ्या वर्षी ती स्वतः निवडता येते. त्यासाठी चिठ्ठ्या काढून क्रम लावतात. कार्यालयात एक मोठा फळा आहे, त्यावर प्रत्येक खोलीचा एक कापडी खण शिवलेला आहे. मुलीने क्रमाप्रमाणे यायचे आणि हव्या त्या खोलीच्या खणात आपले कार्ड खोचायचे. कार्डावर फक्त नाव आणि वर्ग असतो. क्रमाची यादी कारकुनाकडे असते. दुपारी दोननंतर तो फळा बघून रजिस्टर भरतो. त्याला मुली शिक्काभाऊ म्हणतात, कारण तो साध्या चिठ्ठीवरही शिक्का मारतो.

सुट्टीभर मी मुलीला सांगत होते की बारा नंबर घे. ती खोली मी झाडते त्या पुढच्या इमारतीत, तळमजल्यावर आहे. सकाळी तिथे ऊन येते. खिडकीची कडी नीट लागते. ती "बघते" म्हणाली.

सोमवारी दहा वाजता निवड सुरू झाली. मी व्हरांडा पुसत होते. मुलींची गर्दी होती. एक म्हणत होती, "सतरा घेऊ नकोस गं, शेजारी घोरणारी आहे." दुसरी म्हणाली, "कोण?" पहिली म्हणाली, "मीच." शिक्काभाऊ म्हणाला, "आटपा बायांनो, खोली निवडताय, नवरा नाही. वर्षभराचाच प्रश्न आहे." माझी मुलगी फाटकातून येताना दिसली तेव्हा मी बादली घेऊन वरच्या मजल्यावर गेले. मी समोर असले की ती अवघडते. त्यामुळे तिने कार्ड कुठे खोचले ते मी पाहिले नाही.

दीड वाजता शिक्काभाऊ जेवायला गेला. मी कार्यालय पुसायला आत गेले. बाराच्या खणात दुसऱ्याच मुलीचे कार्ड होते. माझ्या मुलीचे कार्ड शोधायला वेळ लागला. ते मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीखालच्या शेवटच्या खोलीच्या खणात होते. त्या भिंतीला बारा महिने ओल असते. तिथे माझी झाडायची पाळी नसते. मला वाटले, पोरीचा क्रम शेवटी आला आणि बारा हातची गेली. मी दोन्ही कार्डे काढली आणि अदलाबदल करून खोचली. हात ओले होते, ते आधी पदराला पुसले. त्या दुसऱ्या मुलीचे नाव मी वाचले होते. ओळखीचे नव्हते. कार्डावर नाव असते, पाय नसतो.

मंगळवारी सकाळी यादी लागली. ती दुसरी मुलगी कार्यालयात आली तेव्हा मी टेबलाखालून फडके फिरवत होते. तिच्या डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत पट्ट्यांचा आधार बांधलेला आहे. ती म्हणाली, "भाऊ, मी तळमजला घेतला होता. मला चढवत नाही." शिक्काभाऊने रजिस्टर तीनदा पाहिले. म्हणाला, "फळ्यावर होतं तेच उतरवलंय. रेक्टर बाई गुरुवारी येतील, त्यांच्या सहीशिवाय मला खाडाखोड करता येत नाही. दोन दिवस आहे त्या खोलीत कळ काढ, बाळ."

तेवढ्यात माझी मुलगी आली. ती म्हणाली, "मला बारा नंबर नको. मी निवडली होती तीच द्या." शिक्काभाऊ म्हणाला, "तुझा क्रम नववा होता. अख्खा फळा रिकामा होता, आणि तू टाकीखालची घेतलीस. मला तेव्हाच नवल वाटलं. दुपारी कार्ड बारात दिसलं, तेव्हा म्हटलं, तुम्ही दोघींनी अदलाबदल केली असेल. आता चांगली मिळाली तर ती नको. काय गं, पुढच्या इमारतीत तुझं वैर आहे का कुणाशी?" मुलगी रजिस्टरकडे बघत राहिली. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. तिने ती खोली का घेतली ते मला तेव्हा कळले.

तेव्हाच मी तोंड उघडले असते तर पुढचे टळले असते. मी बादलीतले पाणी बदलायला गेले.

बुधवारी सायंकाळी पाचच्या सुमारास ती अधू पायाची मुलगी सामान घेऊन तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून पडली. उजवा हात मनगटात मोडला. जिना कोरडा होता. मी जाऊन पाहिले. गुरुवारी तिच्या वडिलांनी, कारकुनाने ओळखीच्या मुलीसाठी खोली फिरवली, अशी तक्रार इथे दिली. दुपारी हवालदार वसतिगृहात आले. सोमवारी दुपारी कार्यालयात कोण होते, असे त्यांनी विचारले. रेक्टर बाई म्हणाल्या, "दुपारी ही मावशी पुसायला असते. पण तिला कशाला विचारता? तिला अक्षर ओळखता येत नाही."

मला वाचता येते. पती दारांवर आकडे रंगवायचे तेव्हा त्यांनी मला आकडे शिकवले. अक्षरे मी त्यांच्यामागे आपली आपण जुळवली. वर्षअखेरीला मुली पुस्तके टाकून जातात, ती मी घरी नेते आणि वाचते. हे मी वसतिगृहात कोणाला सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही. गुरुवारी विषय निघाला तेव्हाही मी खाली बघून फडके पिळले. काल शुक्रवारी शिक्काभाऊला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितले. जाताना तो मला म्हणाला, "मावशी, माझ्या कुंडीला पाणी घाल." मी घातले.

आज सकाळी सात वाजता मी मुलीला वसतिगृहाच्या मागे कपडे वाळत घालतात तिथे गाठले. सगळे सांगितले. ती म्हणाली, "दुसरं काही कारण सांगता येणार नाही का?" मी म्हणाले, "कुणासाठी बदललं हे सांगितल्याशिवाय शिक्काभाऊ सुटत नाहीत." ती बराच वेळ दोरीवरचे चिमटे काढून परत लावत होती. मग म्हणाली, "उन्हाच्या खोल्या खूप आहेत, आई. तुला बाराच का हवी होती?"

ठाणे अंमलदारांनीही मला हेच विचारले आहे. मुलीला सांगितले तेच सांगते. वसतिगृहाच्या सगळ्या दारांवरचे आकडे माझ्या पतींनी हाताने रंगवले होते. तीन वर्षांपूर्वी त्या आकड्यांवर पत्र्याच्या पाट्या ठोकल्या. एक पाटी कमी आली. बाराच्या दारावर अजून त्यांच्या हातचा आकडा आहे. दोनचे शेपूट त्यांनी जरा लांब ओढले आहे.

मुलगी म्हणाली, "हे मला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हणाले, "सांगितलं असतं तर तू मन मारून घेतली असतीस." तिला सांगून ती खोली घ्यायला लावायची नव्हती. मी न सांगता घ्यायला लावली. अधू पायाच्या मुलीचा हात मोडला तो त्यापायी. मी काल दवाखान्यात गेले होते. तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परतले. ती मुलगी मला ओळखते. तीही मला मावशी म्हणते.

शिक्काभाऊचा या प्रकरणात काहीही दोष नाही. माझ्या मुलीला यातले काही माहीत नव्हते. तिची शिष्यवृत्ती यात येऊ नये, एवढी विनंती आहे. माझ्या नोकरीबद्दल माझे काही म्हणणे नाही. बारा नंबरची खोली जिने निवडली होती तिला परत मिळावी.

मुलगी माझ्याबरोबर आलेली नाही. मी ये म्हणाले नव्हते. फाटकापर्यंत ती माझ्यामागे दहा पावलांवर चालत आली. फाटकाशी मुली उभ्या होत्या. तिथून ती मोठ्याने म्हणाली, "सही करायच्या आधी नीट वाच, आई."

जबाब लिहून झाल्यावर हवालदारांनी अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे केला आणि मोठ्याने वाचायला घेतले. मी कागद मागून घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचला. मी सांगितले तसेच लिहिले आहे आणि ते खरे आहे. म्हणून खाली सही करते.