ओकारीचा तास

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, पालकहो, माझे सहकारी शिक्षक आणि मागच्या रांगेत आत्तापासूनच खुसुखुसु हसणारे विद्यार्थी,

आज आपल्या आरोग्याच्या बाई निवृत्त होत आहेत. मुख्याध्यापकाने अशा वेळी चार गोड शब्द बोलावेत, अशी अपेक्षा असते. पण बाईंचा विषयच असा, की गोड शब्द आणू कुठून? डिंकात हिरवा रंग कालवून शेंबूड करणार, केळं-बिस्किटं कुस्करून ओकारी करणार आणि ती वाळवायला माझंच टेबल घेणार! मुलं किंचाळायची, नाक धरायची आणि मधल्या सुट्टीत न सांगता हात धुवायची.

पुढे मुलांनी त्याचा खेळ केला. कोणी शिंकलं, की "जंतू आला, पळा!" बाई मला दोनदा म्हणाल्या, "सर, हे थांबवायला हवं." मी म्हटलं, "अहो, पोरंच ती!" घरी जेवताना लेक शिंकली, तर मीही तेच ओरडलो. सगळे हसले. तीही हसली.

पुढचं लेकीला आणि तिच्या मैत्रिणीला विचारूनच सांगतो आहे. आठवड्याभराने माझी चौथीतली लेक बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली. तीन दिवस रक्ताचे जुलाब होत होते आणि पोरीने कपडे स्वतः धुऊन लपवले होते. ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टर तिला विचारत होते, "आणखी कोणाला होतंय का?" तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. खोटं कशाला बोलू, आयुष्यात एवढा कधी भ्यालो नव्हतो.

बाई दवाखान्यात धावत आल्या. मला बाहेर थांबवलं. दाराआडून ऐकू येत होतं.

"शाळेत असताना भर वर्गात माझा फ्रॉक भरला होता गं. सगळ्यांनी पाहिलं."

"मग?"

"मग काय, मेले नाही. गप्प बसले असते, तर मेले असते."

थोड्या वेळाने लेकीचा हुंदका आला. "बाई, माझ्या बाकावरच्या मैत्रिणीलाही होतंय. कोणाला सांगायचं नाही, अशी शपथ घेतलीय आम्ही."

बाई तशाच त्या मैत्रिणीच्या घरी पळाल्या. संध्याकाळपर्यंत उशीर झाला असता, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून बाई प्रत्येक तास त्या फ्रॉकच्या गोष्टीने सुरू करतात.

यंदा पुन्हा जुलाबाची साथ आहे. आज सकाळी लेक म्हणाली, "बाबा, उद्यापासून मुलं कोणाला सांगणार?"

"मला सांगतील की! तूही सांग."

तिने दप्तर उचललं. "मी आईला सांगेन," म्हणाली.

असो. आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. चहाच्या आधी नको ते शब्द कानांवर घातले, त्याबद्दल मोठ्या मनाने माफ करा. आणि बाई, तुम्हाला थांबा म्हणायचा हक्क मला नाही. पण मुलं मला का सांगत नाहीत, तेवढं मला शिकवून जा. फार भीती वाटते हो.