श्यामलावहिनींचं शेवटचं ‘लबाड’

…आणि चहा म्हणाल, तर तोही नाही! अहो, दुपारी चारला शेजाऱ्याकडे गेलेला माणूस चहाची अपेक्षा करणार नाही तर कशाची करणार? चारच्या आत मी कुणाची बेल वाजवत नाही, तेवढं पुणेरी रक्त आहे अंगात. पण चारनंतरचा चहा हा हक्क आहे. आमच्या समोरच्या वैजनाथरावांकडे तो हल्ली मिळत नाही, आणि का मिळत नाही हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. जाऊया. तुम्हाला तरी कुठे घाई आहे?

वैजनाथराव मूळचे परळीकडचे. उभी हयात पिंपरीच्या कारखान्यात गेली, आता धनकवडीत आमच्यासमोर फ्लॅट. सहा फूट उंची, आडवा बांधा, मिशा अशा की सोसायटीचा वॉचमन अजून त्यांना बघून उठून उभा राहतो. तर तुम्हाला सांगतो, हा एवढा माणूस घाबरतो. चोराला नाही, भुताला नाही… एका शब्दाला घाबरतो. ‘लबाड’ या शब्दाला!

त्याचं असं झालं. गेल्या श्रावणात श्यामलावहिनी, म्हणजे त्यांची बायको, हॉस्पिटलात होत्या. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, शेजारी स्टुलावर वैजनाथराव, आणि मधे पांघरुणावर बदामसातचा डाव मांडलेला, कारण दुपारचा डाव या जोडप्यानं कधी चुकवला नाही आणि हॉस्पिटल हे काही त्यांना कारण वाटलं नाही. वहिनींनी पत्त्यांवरून नजर न उचलता विचारलं, “डॉक्टर काय म्हणाले हो?” आता डॉक्टर काय म्हणाले होते ते वैजनाथरावांनी बाहेर भिंतीला टेकून ऐकलं होतं. फार वेळ उरला नाही, असं म्हणाले होते. पण त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “काय म्हणणार? दिवाळीचा फराळ घरीच करा म्हणाले.”

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि म्हणाल्या, “लबाड.”

बस्स. डोळे मिटले, तेवढ्यात नर्सबाई बीपी बघायला आल्या, त्यांनी पत्ते गोळा करून बाजूला ठेवले, आणि संध्याकाळी वहिनी गेल्या. मधे एक शब्द नाही. म्हणजे इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचा शेवटचा शब्द कोणता, तर लबाड!

बरं, म्हणाल्या तर म्हणाल्या, पण हसून म्हणाल्या की न हसता? अहो, मास्क! तोही आतून वाफेनं धुरकटलेला, ओठ दिसायला नकोत? आवाज म्हणाल तर मास्कमधून सगळाच आवाज सारखा येतो. डोळे पाहावेत तर डोळ्यांत औषधाची गुंगी. आता तुम्हीच सांगा, हे लबाड कुठलं लबाड?

कारण लबाड हा काय साधा शब्द आहे? खालच्या मजल्यावरच्या अपेक्षाचं बाळ झोपेचं सोंग घेऊन एका डोळ्यानं बघतं, ते लबाड. आमचं मांजर, दूध पिऊन वर माझ्याच पायांत घोटाळतं, तेही लबाड. नवरा गजरा घेऊन उशिरा घरी येतो, बायको मान वळवून म्हणते, लबाड, तो तर कौतुकाचा कळस आहे, पुढे चहाबरोबर भजी मिळतात! आणि दुसरीकडे, तोंडावर गोड बोलून फ्लॅट दोघांना विकणारा बिल्डर, तोही लबाडच. दहा तोंडांत दहा चवी, शब्द तोच. आणि त्यात या घरात आणखी एक घोळ. वहिनी शनिवार पेठेतल्या. त्यांच्या माहेरी लबाड म्हणजे गालगुच्चा. आणि वैजनाथरावांच्या गावाकडे? ते मला म्हणाले, “आमच्याकडं ‘लबाड बोलू नको’ म्हंजे खोटं बोलू नको. माझ्या बापानं भर चावडीत एकाला लबाड म्हटलं, तर त्या माणसानं मरेपर्यंत तोंड दाखवलं नाही.” मी म्हटलं, “अहो, पण वहिनी पुण्याच्या. पुण्याच्या अर्थानं म्हणाल्या असतील.” तर म्हणाले, “इतकी वर्षं माझ्यासंगं राहिली. माझे सगळे शब्द उचलले होते तिनं.”

म्हणजे त्यांना खुपतंय काय, आलं लक्षात? आपण खोटं बोललो, तिला ते कळलं, आणि ती आपल्याला खोटारडा म्हणून गेली. तिला काही सांगायचं असेल, कुणाला भेटायचं असेल, रडायचं असेल, ते सगळं आपण दिवाळीच्या फराळाखाली दडपलं.

मग तो शब्द मागे लागला. म्हणजे कसा, तर पाठीवर हात ठेवल्यासारखा. स्वारगेटला बसमध्ये चढले, मागून एक बाई आपल्या नातीला म्हणाल्या, “तिकीट नको म्हणून गुडघे वाकवतेस होय? लबाड!” तर वैजनाथराव पुढच्याच स्टॉपला उतरले आणि धनकवडीपर्यंत चालत आले. नातीऐवजी यांनाच घाम! घरात कुकरची शिट्टी झाली की लबाड, मिक्सर लावला की लबाड लबाड लबाड, पंखा तर विचारूच नका, तो बिचारा जुना, दर फेरीला एकदा म्हणायचा. भर उन्हाळ्यात पंखा बंद करून बसायचे हो! मुलगा अभिनव म्हणाला, “बाबा, आपण काउन्सेलरकडे जाऊ.” तर म्हणाले, “त्याला लबाडचे अर्थ येतात का?” भिंतीवर वहिनींचा फोटो आहे, छान हसताहेत. मी एकदा तिकडे बोट केलं, म्हटलं, बघा, हसताहेत ना? तर म्हणाले, “तो अभिनवच्या लग्नातला आहे. फोटोग्राफर ‘स्माइल’ म्हणाला म्हणून हसली. तो पुरावा नाही धरायचा.” असा हा कायदा! खटला चालू, आरोपी हजर, फिर्यादी गेलेली, आणि विचारायचं एवढंच की हे लबाड कुठलं लबाड?

आता पत्त्यांचं सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे. गंमत म्हणजे… पुढे बघा.

बदामसात तुम्हाला येतो ना? नसेल येत तर इतकंच ध्यानात ठेवा: सत्तीच्या वर अठ्ठी लागते, अठ्ठीवर नव्वी, आणि खाली छक्की, पंजी, असं. लागणारा पत्ता हातात असेल तर टाकायलाच हवा, नसेल तरच ‘पास’ म्हणायचं, आणि ज्याचा हात आधी रिकामा होईल तो जिंकला. वैजनाथराव हा खेळ गावाकडे शिकले, सहासात भावंडांत. तिथे पत्ता दाबून खुशाल ‘पास’ म्हणायचं, कुणाला कळतंय कुणाकडे काय आहे? तीच विद्या त्यांनी लग्नानंतर इथे वापरली, पण उलटी. पत्ता असून पास म्हणायचे ते वहिनी जिंकाव्यात म्हणून! जिंकल्या की त्या लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायच्या, मग आलं किसून चहा टाकायच्या. मला वैजनाथरावांनी एकदा हळूच सांगितलं होतं, “माझ्या हातनं आयुष्यात दुसरं काही गुपचूप झालं नाही, पण एवढं एक केलं. तिला पत्ता लागू दिला नाही.” काय तो अभिमान! आणि ते ऐकताना मी वहिनींच्या हातचा तोच चहा पीत होतो, हेही सांगून ठेवतो.

तर गेल्या महिन्यात, रविवारची दुपार, लाइट गेलेले. सून कल्याणी, आयटीतली, लॅपटॉपची बॅटरी संपलेली, त्यामुळे नाइलाजानं माणसांत आलेली. तिनं वहिनींच्या कपाटातून पत्ते काढले. म्हणाली, “बाबा, खेळूया.” हे नको नको म्हणत बसले. मीही तिथेच होतो, चहाच्या आशेनं. पत्ते वाटले, दोघांतच. चारसहा हात झाले आणि वैजनाथरावांनी सवयीनं पत्ता दाबला आणि म्हणाले, “पास.”

कल्याणी त्यांच्याकडे बघतच राहिली. “बाबा, पास काय? किलवरची छक्की टाका ना.”

“नाही माझ्याकडं.”

“अहो, आपण दोघंच खेळतोय. सगळे पत्ते दोघांतच वाटलेत. जो खाली नाही आणि माझ्याकडे नाही, तो तुमच्याचकडे असणार ना?” आणि हसली. “लबाड आहात हं तुम्ही.”

तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या हातातले पत्ते खाली पडले. मला वाटलं झालं, आता डॉक्टरांना फोन. पण ते एकटेच पुटपुटायला लागले… “दोघंच… दोघंच तर खेळायचो की आम्ही…” अहो, सहासात भावंडांत चालणारी चोरी दोघांच्या डावात कशी चालेल? आणि इतक्या वर्षांत हे या भल्या माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं! पहिल्या दिवसापासून त्यांचा प्रत्येक पास वहिनींना कळत होता. कळत होता, आणि त्या टाळ्या वाजवत होत्या, आलं किसत होत्या.

मी हसणार होतो. खरंच हसणार होतो. पण ते एकदम थांबले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी तोंडातलं हसू गिळलं.

“त्या दिवशी,” ते म्हणाले, “हॉस्पिटलात. तिच्या हातात एकच पत्ता उरला होता. इस्पिकची सत्ती खाली. माझ्याकडं नव्वी. मी अठ्ठीची वाट बघत बसलो होतो. अठ्ठी खाली नव्हती. माझ्याकडं नव्हती.”

कल्याणी हळूच म्हणाली, “म्हणजे आईंकडे होती.”

“आणि ती म्हणाली, पास. मी पण म्हणालो, पास. परत ती म्हणाली, पास. मला वाटलं, डाव अडकला.”

अडकला! दोघांचा डाव कधी अडकतो का हो? एक पत्ता टाकला असता की वहिनी जिंकल्या होत्या. हात रिकामा, डाव खलास. त्यांनी तो टाकला नाही. समोर नवरा काही झालंच नाही असा चेहरा करून बसलाय, आणि या बाईला डॉक्टरांचं कधीच कळलेलं, नवरा बाहेर भिंतीला टेकला तेव्हाच कळलेलं असणार, आणि ती अठ्ठी मुठीत धरून म्हणतेय, पास. तिला डाव संपवायचा नव्हता.

मग वैजनाथरावांनी फोटोकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि म्हणाले, “लबाड.”

आता हे लबाड कुठलं लबाड, ते मला विचारू नका. मी त्यांच्या शेजारीच होतो आणि तोंडावर मास्कही नव्हता, पण डोळ्यांतून पाणी आणि मिशीखाली काहीतरी हललं, त्याचा अर्थ कोण लावणार?

पंखा चालू झाला हल्ली, हे मात्र खरं. काल गेलो होतो मी, बरोबर चारला. टेबलावर दोन हात वाटलेले, दोन्ही हेच खेळतात. वहिनींच्या खुर्चीसमोर एकच पत्ता उरलेला, तिरका पडलेला. माझं काय, मी पाहिला. म्हटलं, “वैजनाथराव, अहो, वहिनींकडे अठ्ठी आहे. लागतेय की.”

म्हणाले, “मला दिसतीय. तुम्ही बोलू नका. तिचा पास आहे.”

“बरं. मग तुम्ही टाका.”

“माझा पण पास.”

मी थोडा वेळ बसलो. घड्याळाकडे पाहिलं. घसा खाकरला. शेवटी सरळच विचारलं, “चहाचं काय?”

तर पत्त्यांवरून नजर न उचलता म्हणतात, “टाकू की. डाव संपू द्या.”