बोलणारी पृथ्वी

— आधी त्या स्टुलावरून खाली उतरा बघू. वरच्या फळीवरची ती पृथ्वी विकायची नाही, शोची आहे. बाकी दुकानातलं काय हवं ते मागा. पंखा? पंखा नाही लावत मी. थर्माकोलचा चुरा उडतो — मागे लावला होता तर शनीची कडी उडून समोरच्या साडीच्या दुकानात जाऊन पडली. घाम पुसा, तिथं फडकं आहे — अहो ते नको, त्याला डिंक लागलाय!

हा ज्वालामुखी बघा. सोडा आणि व्हिनेगर घातलं की उसळतो. सगळ्या पिंपरी कॅम्पात असा मिळायचा नाही. फक्त घरात करून बघू नका — रहाटणीच्या एका साहेबांनी सोफ्यावर बसून चाचणी घेतली, आता प्रदर्शनात सोफाच ठेवावा लागेल. नको? मग सूर्यमाला न्या. गुरू वाकडा दिसतोय? मुद्दाम केलाय. सरळ असला की बाई ओळखतात, बापानं विकत आणलंय. वाकडा असला की पोरानं केलंय. एका वर्षी तेवढं चुकलं — सगळे गुरू एकाच बाजूला वाकडे केले. आणि त्या वर्गावर बाई कोण? आमचीच स्वरूपा! घरी आली, पर्स ठेवली, म्हणाली, “अहो, तुमचे सगळे गुरू पाहिले आज.” बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग इथं घेऊन आली आणि माझ्याच मालातून सगळं पोरांना परत करायला लावलं. मी काय करणार — डिंक वाढत बसलो.

तुम्ही परत चढलात? कंपनीचे बूट घालून? बोलते म्हणून तीच हवी? बोलते हो, हिरवं बटण दाबलं की बोलते, ती स्वरूपानंच केलीय. काय, तुमच्या प्राजक्ताचा आवाज भरायचाय? शाळेची अट आहे? — ए, लाल नाही! लाल बटणाला हात लावायचा नाही! …माफ करा, ओरडलो. लाल दाबलं की आधीचं पुसलं जातं. एकच आवाज मावतो त्यात.

आधीचं म्हणजे विशेष काही नाही. “मुलांनो, मी पृथ्वी बोलतेय. माझ्या पोटात वितळलेलं लोखंड आहे — अहो, तो पंखा बंद करा, आवाज येतोय.” झालं. पाठ कसं म्हणजे? गिऱ्हाईकं दाबतात ना सारखी — नाही, कोणी दाबत नाही. फळी उंच आहे, स्टूल घ्यावं लागतं. उद्या नीट बोलते म्हणाली होती. त्याच आठवड्यात तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं, मग राहिलं ते. आणि मी असला बावळट — अजून ते ऐकलं की उठून पंखा बंद करायला जातो. येता-जाता पंख्याच्या बटणापर्यंत हेलपाटे. म्हटलं, बंदच ठेवू. चुराही उडतोच म्हणा.

तुम्ही हे न्या. अर्धा गोळा, रंग, आणि आवाज भरायची नवी डबी. जोडायचं तुमचं तुम्ही. अहो, चाकणला दिवसभर गाड्या जोडता, पृथ्वीला तर तीनच थर — भूकवच, प्रावरण, गाभा. गाभा लाल रंगवा. प्रावरण केशरी. का केशरी, ते मला विचारू नका, मी नुसता डिंकवाला. आणि प्राजक्तालाच करू द्या, तुम्ही हात लावू नका. म्हणजे वाकडं आपोआप होईल.

पिशवीत टाकलंय सगळं. घाला हो पैसे डब्यात, किती ते वर लिहिलंय. आणि हे बघा — आवाज भरताना घरातला पंखा बंद करू नका. राहू द्या चालू. मध्येच तिची आई काही बोलली, तुमच्यावर खेकसली, तरी पुसायचं नाही. तसंच न्यायचं शाळेत. बाई मार्क कापतील तर कापू देत.

चला, या आता. दुकान बंद करतोय मी. हो, आत्ताच. आणि जाता जाता ते स्टूल — नाही, उचलू नका. आहे तिथंच राहू द्या.