बाजेवरची लढाई

आईच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी प्रगती इंदापूरला रांगेत उभी होती. अर्जावर आईच्या व्यवसायापुढं तिनं ‘काही नाही’ असं लिहिलं होतं. तिच्या पुढं एक म्हातारी आणि पुतळा समितीचा एक तरणा गडी बोलत होते.

“मुक्ताकाकू, तुमच्या आजीच्या पुतळ्याला तलवार द्यायचं ठरलंय. हितं सही करा.”

“तिनं विळीबिगर काय धरलं न्हाय, रविराज.”

“इंग्रजांच्या शेतसाऱ्याविरुद्ध लढल्या न्हवं?”

“झोपून लढली. जप्तीवालं आलं की बाळंतीण म्हणून बाजंवर पडायची. बाळंतिणीच्या खोलीत परका गडी शिरंल व्हय? गावाचं दाणं, भांडी, समदं बाजंखाली.”

“आन् बाळ?”

“उशी. तीन म्हैनं पाजली तिला.”

“आवो, निजलेल्या बाईचा पुतळा कसा दिसंल? मंत्री येणार हायती.”

“मग मंत्र्याच्या हातात दे तलवार.”

“पर निजून ऱ्हाणं म्हंजी काय काम हाय व्हय, काकू?”

“तुझ्या पणज्याची जोंधळ्याची पोती तिच्याच बाजंखाली हुती. त्येच्यावर जगलं तुमचं घर.”

रविराजनं कागदाची घडी घातली.

मुक्ताकाकूंचं काम झाल्यावर खिडकीतून प्रगतीला हाक आली, “पुढं या. अर्ज द्या.”

“दुसरा कोरा अर्ज मिळेल का?” प्रगतीनं विचारलं.