कपायात गेला तं पिकला

माहा जलम वावरातला हाये, ताई. खरंच वावरातला, गंमत नाई करू राह्यलो. माही माय नव महिन्याची पोटुशी, अन तरी ओव्याच्या सोंगनीले आलेली, काऊन का ओवा काई कोनासाठी थांबत नाई, दोन दिवस उशीर झाला का दाना झडते, अन मंग एवढुसा दाना मातीतून येचत कोन बसन. तं सुडी रचू राह्यले होते अन मायले कया सुरू झाल्या, बाया धावल्या, लुगड्याचा आडोसा धरला, अन मी सुडीपाशीच झालो. म्हंजे मायच्या दुधाचा वास मले मांगून आला, पह्यला वास ओव्याचा. हे सायरं माय सांगे. मले काई आठोत नाई म्हना, पन कधी कधी पडल्या पडल्या वाटते का आठोते.

मोताळ्याच्या बजारातून जो रस्ता इकडं फुटते त्याच्या दोन्ही आंगानं तुमाले कापूस दिसला असन नाईतं सोयाबीन. आमच्या दोन एकरात माह्या बापापासून ओवाच. भादव्यात पेरतो, दाना इतका बारीक का रेतीत मिसयून पेरा लागते, नाईतं मुठीतून कुठी गेला पत्ता लागत नाई. पानी लय मांगत नाई, कायी माती अन थंडी, बस. दिवाळी झाली का मंग फूल येते, पांढरं, बारीक बारीक, छत्रीसारखं, अन सकायी सकायी दहिवर पडलेलं असते तवा पाहा तुमी, वावर कुठी सरलं अन धुकं कुठून लागलं हेच समजत नाई. मधमाशा येतात, सायरं वावर गुनगुनते. मी बांधावर बसतो. सुमन, म्हंजे माही घरवाली, ते म्हनते, काय बसून राह्यले तठी, बैलं उपाशी हायेत. बैलं काई उपाशी नसतात, ताई, तिले मी बसलेलो दिसलो का तिच्या पोटात दुखते.

तं मायची गोठ सांगत होतो. माय शिकलेली नोती, पन ओव्याचं तिच्याएवढं कोनाले समजत नसन. फुलाचा गेंद पिकत आला का ते तोडे, तयहातावर चोये, फुंकर मारे, अन डोये मिटून नाकाशी नेये. मले म्हने, डोये मीट. म्या मिटले. म्हने, वास कुठी थांबला? म्या म्हनलं, नाकावर. म्हने, नाकाच्या शेंड्यावर थांबला तं कच्चा, कपायात गेला तं पिकला, त्या दिवशी इये घ्या अन कापाले लागा. रंग पाहू नको म्हने, रंग फसवते. मी सहा-सात वर्साचा असन. तवापासून तं पुढं पन्नास वर्स म्या रंग पाह्यलाच नाई, नाकालेच इचारलं.

अन नाक बी असं होतं बापा! गावात मले उत्तम म्हनून कोनी हाक मारत नाई, नाक्या म्हनतात, आजपन. कोनाचा ओवा तयार झाला का, कोनाच्या धन्या-जिऱ्याले कोठीत ओल लागली का, कोनाची मिरची मांगच्या सालची हाये, आना नाक्याकडं. मले बी मजा वाटे. अन घरात त्याचा तरास सुमनले. तेल जुनं झालं, वरनाले बुडाशी वास लागला, पान्याच्या हंड्याले राखेचा वास येऊन राह्यला, मी ताट सरकून द्यो. तीस वर्स त्या बाईनं ऐकून घेतलं. आता सांगताना मलेच माही लाज वाटते.

मंग ते बिमारीचं साल आलं, तुमालेही मालूम हाये, सायरे तोंडं बांधून फिरत होतो. मले ताप आला, पंधरा दिवस खाटेवर होतो, उठलो. सुमननं ओव्याचा काढा देल्ला, पेलो, नुसता गरम लागला. मंग कोठीत हात घातला, ओंजयभर ओवा घेतला, चोयला, नाकाशी नेला. काईच नाई, ताई. शेंड्यावर नाई, कपायात नाई, कुठीच नाई. जसा भुसा. म्हनलं उद्या येईन. उद्या नाई आला. महिना झाला, सहा महिने झाले, अन म्या कोनाले सांगतलं नाई. काऊन नाई सांगतलं? अहो, नाक्याचं नाक गेलं हे गावाले सांगू कसं? सुमनले बी नाई सांगतलं. ओवा पिकला का मी चोयो, डोये मिटो, मान हालवो, अन गुपचूप एका डोयानं बाजूच्या किसनभाऊच्या ओव्याचा रंग पाहो. ज्या रंगाले माय फसवा म्हने त्याच्याच भरोशावर दोन पिकं काढली.

पन एक गोठ हाये, सपनात वास येते. अजून येते. सपनात मी त्याच सुडीपाशी असतो, लहान बी नसतो, बुढा बी नसतो, धुकं असते अन मायचा पदर दिसते, तोंड नाई दिसत, अन असा वास येते, असा वास येते का कपाय भरून जाते. अन जाग येते. मी उठून बसो, उशी हुंगो, पांघरून हुंगो, एखाद्या कुत्र्यावानी. सुमन म्हने, काय पाहून राह्यले? मी म्हनो, काई नाई, मच्छर.

मंग आमची प्रज्ञा पह्यल्या बायतपनाले आली. एकच पोरगी आमची, उंद्रीले देल्ली हाये. सरावनात पोरगी झाली तिले, तयहातावर मावन एवढी. आमच्याकडं कसं हाये का, लेकराची आंघोय झाली का शेगडीत गोवरीचे निखारे घ्यायचे, त्याच्यावर चिमूटभर ओवा टाकायचा, अन त्या धुरावर लेकरू धरायचं, घडीभर, बस. छाती मोकयी राह्यते म्हनतात. घरचाच ओवा, म्हनून धुरी द्याचं काम म्या मांगून घेतलं. आज्याचा मान होता तो.

त्याच्या आदल्या दिवशी म्या पेऱ्याच्या बियान्याले बुरशी न लागन्याची पावडर चोयली होती. ते औषध असं घान असते का दहा पावलावरून मानूस नाक धरते. मले काय, मी उघड्या तोंडानं चोयत बसलो. गोठा गयत होता म्हनून त्या बियान्याची थैली घरात आनली अन खुटीले लटकावली. आता पाहा, त्याच खुटीले खायच्या ओव्याची थैली. दोन्ही सुमननं एकाच निया लुगड्याच्या शिवलेल्या. दुसरं कोनी असतं तं त्यानं उजेडात नेऊन पाह्यलं असतं. पन मी पाहून घेनारा मानूस होतो काय कधी? बायतिनीची खोली, खिडकी बंद, अंधार. थैली काढली, सोडली, सवयीनं नाकाशी नेली. काई नाई आलं. अन प्रज्ञा म्हने, बाबा, ओवाच हाये नं? एवढंच म्हना लागत होतं का थांब, तुह्या मायले दाखवतो. एवढंच. पन शरम आडवी आली, ताई. म्या म्हनलं, हाव, ओवाच हाये. अन टाकला निखाऱ्यावर.

धूर उठला. प्रज्ञानं लेकरू पुढं धरलं. चुलीपाशून सुमन अशी वरडली, अशी वरडली, का मले वाटलं तिले साप चावला. उठ व, बाहेर घे तिले, बाहेर घे! भाकरीचं पीठ तसंच हाताले, अन ते शेगडी तिनं दोन्ही हातांनी उचलली, तापलेली शेगडी, अन आंगनात चिखलात फेकून देल्ली. लेकरू ठसकलं, लाल झालं, आवाजच निघेना. मंग रडलं. ताई, त्या रडन्याएवढं गोड म्या काईच ऐकलं नाई. मोताळ्याले डॉक्टरकडं पयालो, त्यानं छाती तपासली, दिवसभर तठीच बसवलं, संध्याकायी म्हने घेऊन जा, ठीक हाये. तवा कुठी माह्या ध्यानात आलं का सुमनच्या तयहाताले हे मोठे मोठे फोड आले हायेत अन तिनं ते पदराखाली झाकून ठेवले.

घरी आलो. ओट्यावर बसलो दोघं. म्हने, तुमाले त्या औषधाचा वास नाई आला? म्या खाली पाह्यलं. म्हने, कधीपासून? म्या म्हनलं, बिमारीपासून. ते हासली. मंग रडाले लागली. म्हने, दोन वर्स झाले, तुमी एकदा ताट सरकोलं नाई, करपलेलं बी गुपचूप खाल्लं. म्या बहिनीले सांगतलं का आमचे आता सुधरले. मले वाटलं एवढ्या वर्सांनी तुमाले माह्या हातचं गोड लागू राह्यलं.

काय सांगू तुमाले, शेगडीनं तिचे हात जयाले, पन माह्या आतडीले जो चटका बसला तो त्या बोलन्यानं. मी बोललो का, सुमन, हातचं तं तुह्या पह्यलेपासूनच गोड होतं वं, माही जीभ कडू होती. म्हने, जाऊ द्या, पह्यले हाताले मलम लावा.

दुसऱ्या दिवशी पारावर जाऊन म्या सायऱ्याईले सांगतलं का माहं नाक गेलं, दोन साल झाले, मी तुमाले रंग पाहून सांगत होतो. मले वाटलं शिव्या देतीन. किसनभाऊ म्हने, लेका नाक्या, अन मी तुह्या वावराकडं पाहून ओवा कापत होतो बे! दोघं बी एकमेकाचं पाहून राह्यले होतो. पार हासून हासून लोटपोट झाला.

तवापासून ओवा सुमन चोयते. त्याच तयहातावर, डाग हायेत अजून. मी बाजूले उभा राह्यतो. अन तिले मायसारखं बोलता येत नाई, पन सांगते. म्हनते, आज शेंड्यावरच हाये, थांबा. कधी म्हनते, आज पावसाच्या पह्यल्या दिवसावानी येऊन राह्यला, कधी म्हनते, तुमच्या मायच्या पदराले येत होता तसा, अन मी डोये मिटतो, अन ताई, थोडकसं दिसते मले. अन सकायी ते इचारते, आज आला काय? मी म्हनतो, सपनात आला. म्हनते, कसा होता, सांगा. मंग मी सांगतो. चहा थंड होऊन जाते.

डॉक्टरले दाखवलं, तो म्हने वास येईन, नाई तं नाई येईन. मी आता वाट नाई पाहात.

नातीचं नाव प्रज्ञानं ओवी ठेवलं. अडीच वर्साची हाये आता, चार दिवसांपासून अठीच हाये. तिची खोड सांगू? हातात जे येईन ते पह्यले नाकाले लावते. ढेकूय, चप्पल, भाकर, माही टोपी सुदिक. आज सकायी वावरात नेली तिले. धुकं होतं. सुमननं गेंद तोडला, चोयला, तिच्या नाकाशी धरला. पोरीनं डोये मिटले. तिले कोनी सांगतलं नोतं मिटाले. म्या इचारलं, कुठी आला व माय वास? तिनं आपला एवढुसा हात उचलला अन कपायावर ठेवला. म्हने, आबा, अठी.

मी खालीच बसलो, ताई, ढेकयात. उद्या सोंगनी लावली हाये आमी. तुमी बी या सकायी, दहिवर हाये तवर कापा लागते. नाक गेलं म्हनतात माहं. जाईन कुठी? घरातच हाये.