उलट्या गालावरची मस

हसू नका, पण परवा मी स्वतःलाच उलटं छापलं. माझा उद्योग तुम्हाला माहीत आहे. प्रिंटरवर प्लॅस्टिकच्या शीटवर निगेटिव्ह काढायची, ती रसायन लावलेल्या कागदावर ठेवून गच्चीत उन्हात धरायची, की निळा फोटो उमटतो. या वेळी माझाच काढला. धुतला, वाळवला. अगदी हुबेहूब मी!

दाखवणार कोणाला? इस्त्रीच्या मावशी कपडे द्यायला आल्या, त्यांनाच दाखवला.

त्या म्हणाल्या, "काका, मस या गालावर कशी गेली?"

"पहिल्यापासून तिथंच आहे. रोज आरशात बघतो मी."

"आरशात तुम्ही बघता. आम्ही समोरून बघतो."

निगेटिव्ह छापण्याआधी डावं-उजवं फिरवायची राहिली होती. आणि मला पत्ताच नाही! ही गेल्यापासून घरात मला बघायला आरशाशिवाय आहे कोण?

दुसऱ्या दिवशी सुलटा छापला. कोणी भलताच माणूस वाटतो हो. तरी हिच्या फोटोसमोर तोच लावलाय. मला परका असला, तरी तिच्या ओळखीचा तोच.