माझ्या वाट्याचा दगड

नाही, पण तुम्हीच सांगा, आभाळात काय दगडांचा दुष्काळ पडलाय? मंगळ आणि गुरूच्या मधे म्हणे लाखोंनी फिरतात, त्यातला एक, फक्त एक, आमच्या टाउनोला सापडला, आणि ह्यानं त्याला नाव कुणाचं दिलं? बायकोचं? छे! वेधशाळेतल्या लुओमा साहेबाचं! अहो, ज्याला सापडला त्यानं नाव सुचवायचं, फक्त स्वतःचं नाही, अशी रीतच आहे त्यांच्यात. मग घरात उरलं कोण? मी! आमच्या तुर्कू गावच्या हाडं फोडणाऱ्या थंडीत दुर्बिणीपाशी कॉफीचा थर्मास कुणी पोचवला, लुओमानं? तो बसलाय सौनात, त्या वाफेच्या खोलीत, घाम गाळत, आणि तिथंच म्हणतो, "टाउनो, लेका, आपलं नाव काही मागं राहील का रे?" आणि आमचा नंदीबैल... डोलावली मान!

मी विचारलं, "आणि मी?" तर म्हणे, "हेल्वी, दगडच तर आहे, तुला काय करायचाय?" लग्नाआधी कबूल केला होता हो मेल्यानं!

मग त्या दगडाची नीट तपासणी झाली आणि पेपरात आलं: लुओमा कोळशासारखा काळा, बटाट्यासारखा वेडावाकडा, स्वतःभोवती फिरायलाही आळशी, आणि अखंड दगडसुद्धा नाही, नुसता खडीचा ढीग! मी कात्रण फ्रिजवर लावलं. लुओमा दारात येऊन थयथयाट करतोय, "नाव बदल!" आमचा हा हात चोळत, "साहेब, जाहीर झालेलं बदलत नाही." तर साहेब म्हणे, "मग पुढच्याला तुझ्या बायकोचं नाव दे, म्हणजे कळेल कसं वाटतं!"

म्हणजे माझा दगड मला शिक्षा म्हणून! आभाळात काय दगडांचा दुष्काळ... पण म्हटलं असू दे, मिळतोय ना!

आणि सापडला हो दुसरा, नावही दिलं माझं! म्हणून तर दालचिनीचे बन केले, तुम्हा सगळ्यांना बोलावलं... आणि आत्ता, तुम्ही बूट काढत होतात ना दारात, तेव्हा हा कानाशी लागतो, "हेल्वी, चिडू नकोस, पण तुझा दगड ना... लुओमातूनच फुटलेला तुकडा आहे. वाट तीच, रंग तोच. आम्ही ह्यांना एकाच घराण्यातले म्हणतो."

ऐकलंत? ज्याचं तोंड बघायला नको, त्याच्या मागं मी आता युगानुयुगं फिरायचं! इथं राबले टाउनोच्या घरी, आणि वर सून झाले लुओमाच्या घराण्याची!

आता कुणाला सांगता... जाहीर झालंय. घ्या, बन घ्या, गार होतायत.